अमळनेर ते जनपथ: वकीलबाबांच्या एका पत्रामागे सव्वा वर्ष

गेल्या महिन्यात दोन जणांनी मला विचारलं की आमच्याही घरी आजोबांची पत्रं पेटीत पडून आहेत, करायचं काय, कुठे जायचं, कोणाला भेटायचं. दोघांना फोनवर सांगून सांगून घसा बसला म्हणून आता एकदाच सगळं लिहून टाकते. मी काही इतिहासाची नाही, जि.प. शाळेत चौथीला शिकवते, त्यामुळे अभ्यासकांनी हसू नये, माझ्या चुकाही यात आहेत आणि खरं सांगायचं तर चुकाच जास्त आहेत.

सुरुवात झाली फेब्रुवारी २०२४ ला. आमच्या अमळनेरला साहित्य संमेलन होतं, २ ते ४ तारखेला, घर पाहुण्यांनी भरलेलं. अंथरुणं काढायला मागच्या माडीवर गेलो तर तिथे पणजोबांची पत्र्याची पेटी. ती माडी तशीही पावसाळ्याआधी पाडायची होती, लाकूड वाळवीने खाल्लेलं. पणजोबा म्हणजे वकीलबाबा, अमळनेरच्या कोर्टात प्लीडर होते, १९४१ ला गेले. घरात त्यांच्याबद्दल एकच गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली, की मुंबईचे मोठे पुढारी बॅरिस्टर जयकर वकीलबाबांना विचारल्याशिवाय खानदेशात पाऊल टाकत नसत. लग्नात, तेराव्याला, कुठेही चार लोक जमले की कोणीतरी हे सांगणारच.

पेटीत लाल खारव्याच्या रुमालात बांधलेले पाच गठ्ठे आणि एक लांबुळकी, उभी उघडणारी हिशोबाची वही. जिभाऊ, म्हणजे माझा मोठा चुलतभाऊ, त्याने लगेच रद्दीवाल्याला फोन लावला. १४ रुपये किलो. वजन केलं तर नऊ किलो, म्हणजे १२६ रुपये! मी म्हटलं १२६ मी देते, पेटी माझी. मोठी आई चुलीपाशी बसून ऐकत होती, ती म्हणाली, "त्या कागदस्ले काय चाटशी का व माय?" सगळे हसले. हिशोबाची वही मात्र मोडीत होती, म्हटलं घरचा हिशोब असणार, कोण वाचणार, ती मी खालीच ठेवली आणि मोठ्या आईने ती गव्हाच्या कोठीच्या लंगड्या पायाखाली टेकू म्हणून सरकवली. हे लक्षात ठेवा.

मार्चभर रविवारी बसून मी पत्रं लावली. मोजली तर १६३. काही इंग्रजी, काही बाळबोध मराठी, काही मोडी. माझी पहिली चूक इथेच झाली. मी मास्तरीण, मला वर्गवारीची सवय, मी सगळे गठ्ठे सोडले आणि भाषेप्रमाणे ढीग केले, इंग्रजी एकीकडे, मराठी एकीकडे, मोडी एकीकडे. मला वाटलं किती छान काम झालं. दुसरी चूक, एक पत्र घडीवर फाटत होतं त्याला मी सेलोटेप लावली.

एप्रिलमध्ये धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळात गेले. एसटीने तास-सव्वा तास. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ च्या ३१ डिसेंबरला धुळ्यातच गेले, त्यांचा संग्रह जपायला त्यांच्या मागे ही संस्था उभी राहिली, हे मला पुस्तकातून माहीत होतं पण चाळीस किलोमीटरवर राहून मी आत कधी पाय ठेवला नव्हता. तिथे भेटलेल्या एका जाणकारांनी माझे फोनमधले फोटो बघितले, टेपचा फोटो आला तसा त्यांनी चष्मा काढला आणि नुसतं माझ्याकडे बघितलं. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

त्यांनी मला जे सांगितलं ते तसंच लिहिते कारण सगळ्यांच्या कामाचं आहे. टेप कधीच लावायची नाही, तिचा गोंद कागदात उतरतो आणि पुढे पिवळा डाग पडून अक्षरच खातो. लॅमिनेशन तर विषयच नको. गंजलेल्या टाचण्या ओढून काढायच्या नाहीत, कागद फाटतो, टाचणीखाली जाड कागदाचा तुकडा सरकवून हळू उचलायच्या. प्लास्टिकच्या पिशवीत कोंडायचं नाही, सुती कापडात ठेवायचं. आणि मुख्य म्हणजे गठ्ठा जसा बांधलेला सापडला तसाच ठेवायचा, कारण कोणतं पत्र कोणाच्या शेजारी होतं यावरूनच अर्धं कळतं. बिनतारखेचं पत्र असेल तर त्याच्या मागच्या-पुढच्या पत्रावरून तारीख लागते. मी ते सगळं आधीच उधळून बसले होते. नशीब, पहिल्या दिवशी भाचीने हौसेने गठ्ठ्यांचे व्हिडिओ काढले होते, त्यावरून थांबत थांबत साधारण सव्वाशे पत्रं मी परत जागेवर लावली. बाकीची कायमची अनाथ.

मोडीसाठी तहसीलच्या रेकॉर्डमधून रिटायर झालेले एक काका मिळाले. ते पानाला ५० रुपये घ्यायचे, आणि चहा. मला वाटत होतं मोडीत काहीतरी गुप्त राजकारण निघेल. निघालं काय, तर एका पक्षकाराचं बैल चोरीचं प्रकरण, कपाशीचा भाव, आणि एका विहिणीची मानपानावरून तक्रार. सातशे रुपये गेले, पण विहिणीचं पत्र मी तीनदा वाचलं.

मे महिन्यात यादी पूर्ण झाली. क्रमांक, तारीख, कोणाचं, कुठून, पानं किती, विषय एका ओळीत, बस. एक्सेलमध्ये केली. आणि यादी खालपर्यंत बघताना डोक्यात प्रकाश पडला, की "कोणाचं" या रकान्यात १६३ वेळा कोणीतरी वेगळंच आहे. वकीलबाबांचं एकही पत्र नाही! असणार कसं, त्यांनी लिहिलेलं पत्र ज्याला लिहिलं त्याच्याकडे गेलं. इतकी साधी गोष्ट मला तीन महिने कळली नाही. आपल्या घरच्या पेटीत आपला माणूस सापडतच नाही, त्याच्याशी बोलणारे लोक सापडतात. तो काय म्हणत होता हे दुसऱ्यांच्या पेट्यांमध्ये जाऊन शोधायचं. मोठ्या माणसांचं बरं असतं, टाइपरायटर, कारकून, पाठवलेल्या प्रत्येक पत्राची कार्बन कॉपी फाइलला. तालुक्याच्या वकिलाकडे कुठलं?

मग दुसऱ्यांच्या पेट्या कोणाच्या? पेटीत एक छापील पोस्टकार्ड होतं, मुंबईच्या पक्ष ऑफिसचं, आपले पत्र पोहोचले एवढंच छापलेलं आणि तारीख शाईने भरलेली, नोव्हेंबर १९२३. सोबत निवडणुकीचं एक हँडबिल. म्हणजे स्वराज्य पक्ष.

इथे थोडं मागचं सांगायला हवं, मला पण तेव्हाच कळलं. १९१९ च्या कायद्याने प्रांतांच्या कौन्सिलांमध्ये निवडून आलेल्यांची संख्या वाढली, काही खाती मंत्र्यांकडे सोपवली, ती सोपीव, आणि पैसा-पोलीस सरकारने स्वतःकडे ठेवला, ती राखीव. असहकारामुळे काँग्रेसने पहिल्या निवडणुकीवर बहिष्कार घातला. पुढे चळवळ थांबली, गांधीजी तुरुंगात, आणि १९२२ च्या डिसेंबरात गयेच्या काँग्रेसमध्ये भांडण जुंपलं. कौन्सिलात शिरून आतून अडवू म्हणणारे ते फेरवाले, नको म्हणणारे ते नाफेरवाले. चित्तरंजन दास आणि मोतीलाल नेहरूंनी १९२३ च्या सुरुवातीला स्वराज्य पक्ष काढला, सप्टेंबरात दिल्लीच्या जादा अधिवेशनात निवडणूक लढवायची मोकळीक मिळाली आणि नोव्हेंबरात निवडणुका. म्हणजे तयारीला दोन महिने पण नाहीत. मत सगळ्यांना नव्हतं, ठराविक सारा किंवा कर भरणाऱ्यालाच. मुंबई कौन्सिलात निवडून आलेल्या स्वराज्यवाल्यांचे पुढारी झाले बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. पुणे विद्यापीठाचं जयकर ग्रंथालय, तेच हे, तिथले पहिले कुलगुरू. मी पुण्यात डी.एड.च्या कामाला गेले होते तेव्हा त्याच्या पायऱ्यांवर बसून डबा खाल्लेला, कोण जयकर हे एकदाही मनात आलं नाही.

जयकरांचे खासगी कागद दिल्लीला राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. हे कळलं आणि मी आधी घाबरलेच. दिल्ली, सरकारी ऑफिस, इंग्रजी, हिंदी आपली खानदेशी. पण आधी घरबसल्या करता येतं ते केलं. त्यांचं 'अभिलेख पटल' नावाचं पोर्टल आहे, नाव, मेल, मोबाईल टाकून नोंदणी करायची आणि शोधायचं, स्कॅन झालेले बरेच कागद तिथेच वाचता येतात. जून-जुलै मी रोज रात्री भांडी झाल्यावर तासभर बसायचे. टिप एक, गावाचं नाव आजच्या स्पेलिंगने शोधू नका. इंग्रजांच्या कागदात अमळनेर कुठे ए ने सुरू होतं, कुठे यू ने. धुळ्याचं धुलिया, एरंडोलचं वेगळंच काहीतरी. टिप दोन, जिल्हा बघून घ्या, १९०६ ला खानदेशाचे दोन तुकडे झाले, जळगावकडचा पूर्व आणि धुळ्याकडचा पश्चिम, त्यामुळे अमळनेर शोधायचं तर 'ईस्ट खानदेश' टाकायचं. टिप तीन, फाइलच्या नावात मोठीच नावं असतात. सप्रू, मुंजे, केळकर, त्या काळचे नावाजलेले पुढारी. आमच्या पणजोबांसारखे लोक 'किरकोळ पत्रव्यवहार' या सदरात. मी अशा फाइलींचे नंबर एका वहीत उतरवले, सात निघाल्या.

जायचं ठरवलं दिवाळीच्या सुट्टीत. तिकिटं काढली, नोव्हेंबर २०२४ चा दुसरा आठवडा. शिफारसपत्र असलेलं बरं असं सगळे म्हणत होते म्हणून एका कॉलेजात अर्ज दिला, त्या पत्राला पाच आठवडे आणि चार चकरा लागल्या, एकदा सही करणारे नव्हते, एकदा शिक्का असलेलं कपाट बंद होतं आणि किल्ली सुट्टीवर गेलेल्या माणसाच्या खिशात. पत्र आलं, आणि चार दिवसांनी इलेक्शन ड्युटीची ऑर्डर आली! २० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान, ट्रेनिंग बरोबर माझ्या दिल्लीच्या आठवड्यात. तिकिटं रद्द, साडेतीनशे रुपये गेले. एक मात्र झालं, मतदान केंद्रावर रात्री शाळेच्या बाकांवर झोपताना मला सारखं वाटत होतं की एकशे एक वर्षांपूर्वी याच महिन्यात वकीलबाबा पण असंच काहीतरी करत फिरत असतील, फक्त डास तेवढेच.

शेवटी मे २०२५. शनिवारी रात्री जळगावला झेलम एक्स्प्रेसला बसले, स्लीपर, साधारण सहाशे रुपये. मे महिन्यात स्लीपरने दिल्लीला जाऊ नका, ही टिप नाही, हात जोडून विनंती आहे. भोपाळच्या पुढे खिडकीतून भट्टीचा वारा. सोबत भाची होती, ती नसती तर माझी हिंमत झाली नसती. खोली पहाडगंजला, दिवसाला ९०० दोघींत. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी चार दिवस पुरली, पाचव्या दिवशी राजमा.

सोमवारी १९ तारखेला सेंट्रल सेक्रेटरिएट मेट्रोला उतरून चालत गेलो. जनपथवरची अभिलेखागाराची ती लाल-पांढऱ्या दगडाची इमारत १९२६ ची, नवी दिल्ली बांधणाऱ्या लुटयन्सच्या काळातली, त्याआधी हे दप्तर १८९१ पासून कलकत्त्याला होतं. गेटवर नोंद, आधार, झेरॉक्स, फॉर्म. फॉर्ममध्ये संशोधनाचा विषय लिहायचा होता. मी लिहिलं "पणजोबा". भाचीने खोडून "पूर्व खानदेशातील १९२३ ची निवडणूक" लिहिलं. आधारच्या दोन-तीन झेरॉक्स, दोन फोटो घरूनच न्या, बाहेर उन्हात दुकान शोधत फिरावं लागत नाही. पेन घेऊ नका, पेन्सिल न्या, आणि खोडरबर लागणारच. शाल पण न्या, खरंच, बाहेर ४१ आणि आत एसी.

आत बसल्यावर मागणीची चिठ्ठी भरायची. मी मोठ्या आत्मविश्वासाने सात नंबर लिहिले आणि तिथल्या बाईंनी शांतपणे सांगितलं की हे फाइल नंबर नाहीत, तुम्ही यादीतला अनुक्रमांक उतरवलाय. वर्षभर जपलेली ती वही! पूर्ण सोमवार परत यादीतून खरे नंबर काढण्यात गेला. चूक सगळी माझी. तुम्ही जाल तेव्हा संग्रहाचं नाव, फाइल नंबर, वर्ष, आणि जमलं तर त्या पानाचा फोटो, चारही गोष्टी ठेवा.

मंगळवारी फाइली समोर आल्या आणि माझं काम बाजूलाच राहिलं. कारण काय सांगू, पाठ्यपुस्तकातली माणसं अशी समोर. मी आयुष्यभर मुलांना गांधी-आयर्विन करार, ५ मार्च १९३१, असं पाठ करायला लावलं, पण त्याच्या आधी १९३० च्या जुलैपासून सप्रू आणि जयकर हे दोन वकील व्हाइसरॉय आणि तुरुंग यांच्यामध्ये नुसते येरझारा घालत होते हे मला कोणी शिकवलं नव्हतं. ऑगस्टमध्ये मोतीलाल आणि जवाहरलालांना नैनीच्या तुरुंगातून स्पेशल गाडीने येरवड्याला आणलं, गांधीजींशी बोलणी करायला. तेव्हा जमलं नाही. पण दोन वर्षांनी, पुणे कराराच्या वेळी, हेच दोघे परत येरवड्यात. दोन पक्षकार एकमेकांचं तोंड बघत नसले की मधला वकील कसा चिकाटीने तारीख मागून घेतो, तसं. आमच्याकडे जयकरांना कोणी फार मानत नाही, ना काँग्रेसवाले ना विरोधातले. मला तर बाई हा माणूस आवडायला लागला. टाइप केलेल्या पत्रांच्या पातळ, कांद्याच्या सालीसारख्या कार्बन कॉप्या, काही ठिकाणी समासात पेन्सिलीने आकडे. पान उलटताना येणारा तो सुर्रर्र आवाज. मी संध्याकाळपर्यंत तेच वाचत बसले, पणजोबा विसरलेच. भाची चिडली.

बुधवारी २१ ला शहाण्यासारखी १९२३ च्या फाइलींवर आले. एकेक पान. कोण सभा मागतंय, कोण उमेदवारी, कोण दुसऱ्याची चहाडी करतंय. संध्याकाळी बाहेर पडलो आणि धुळीचं वादळ, मग गारपीट, दिल्लीत मे महिन्यात गारा! एका टपरीखाली तासभर उभ्या, चप्पल वाहून जाता जाता वाचली.

गुरुवारी दुपारी तिसऱ्या फाइलमध्ये ते सापडलं. सही बघायच्या आधीच मी ओळखलं. आमच्या वाड्यात देवघराच्या फळीवर वकीलबाबांनी स्वतःच्या हाताने नैवेद्याचा क्रम लिहून चिकटवलेला होता, त्यात त्यांचा 'र' खाली लांब शेपूट काढून पुढच्या अक्षराच्या पोटात शिरायचा. तोच 'र'. पत्र मराठीत, फूलस्केपच्या अर्ध्या पानावर, वरच्या कोपऱ्यात टाचणीचा गंजाचा ठिपका आणि डावीकडे शाईचा डाग, बोटाने टिपलेला, बोटाच्या रेषा दिसतात. मी भाचीला हाक मारायला गेले आणि आवाज फुटेना. शेजारच्या टेबलावरचा एक मुलगा पाणी घेऊन आला.

आता त्यात काय होतं. मुंबईहून आलेली हँडबिलं इंग्रजीत आहेत, ती इथे कोणाला वाचता येत नाहीत, मराठी पाठवावी. सभा बाजाराच्या दिवशी ठेवू नये, लोक माल विकतील की भाषण ऐकतील. लांबच्या गावच्या मतदारांना आणायला बैलगाड्या कराव्या लागल्या, त्याचं गाडीभाडं, दोन सभांचे दिवे आणि चहाचिवडा मिळून खर्च ११ रुपये ६ आणे, तो कृपा करून पाठवावा. आणि ताजा कलम, यंदा कपाशी बरी आहे.

बस. जयकरांना खानदेशात पाऊल टाकायची परवानगी देणारे आमचे वकीलबाबा अकरा रुपये सहा आणे मागत होते. मला आधी हसू आलं, मग थोडं वाईट वाटलं, मग परत हसू. उत्तराची कार्बन कॉपी आहे का म्हणून मी उरलेला गुरुवार आणि पूर्ण शुक्रवार घालवला, सातही फाइली. नाही मिळाली. कॉप्यांचा अर्ज केला, पत्र आणि आजूबाजूची काही पानं, माझे २६० रुपये झाले. तरी कॉपी हातात येईपर्यंत भरवसा ठेवू नका, पत्र शब्द न् शब्द पेन्सिलीने उतरवून घ्या, फाइल नंबर आणि पान नंबर सकट. एकूण खर्च दोघींचा, प्रवास, खोली, खाणं, मेट्रो धरून साडेनऊ हजारात बसला. आत्याच्या मुलाचं घर नोएडाला आहे, तिथे राहिलो असतो तर निम्म्यात झालं असतं, पण मग पूर्ण वेळ नातेवाइकांतच गेला असता.

घरी आल्यावर सगळे जमले. मी वाचून दाखवलं. आप्पा काका गप्प झाले, त्यांनी ती पाऊल टाकायची गोष्ट सगळ्यात जास्त वेळा सांगितलेली. मोठी आई म्हणाली, "मंग दिधात का त्यास्नी?" म्हणजे दिले का त्यांनी. मी म्हटलं माहीत नाही. आणि तेव्हा मला गव्हाची कोठी आठवली.

वही काढली तर एका कोपऱ्यावर कोठीच्या पायाचा खड्डा पडलेला, बाकी धडधाकट. मोडीवाले काका दुसऱ्या दिवशी आले. १९२३ ची दिवाळी झाल्यावर सुरू झालेलं खातं, पाना-पानावरून काकांचं बोट खाली खाली येत होतं, दूध, धोबी, कोर्ट फी स्टँप, मुलाची फी, आणि मग त्यांनी बोट थांबवलं. "पक्षाकडून येणे, रुपये ११, आणे ६." मी म्हटलं पुढच्या दिवाळीचं पान काढा. तिथे परत, मागील येणे बाकी, ११-६-०. १९२५ च्या दिवाळीला परत. त्या वर्षी मध्य प्रांतात स्वराज्य पक्षाच्याच तांब्यांनी सरकारी पद स्वीकारलं, मोतीलाल खवळले, केळकर, मुंजे, जयकर एका बाजूला झाले आणि १९२६ ला अकोल्यात प्रतिसहकार पक्ष, म्हणजे सरकार देईल तितकं सहकार्य करू म्हणणाऱ्यांचा, निघाला, म्हणजे ज्या पक्षाकडून येणं होतं तो पक्षच दुभंगला. आता कोणाकडे मागणार? १९२६ च्या दिवाळीच्या पानावर तीच रक्कम आहे आणि तिच्यापुढे एकच शब्द, काकांनी तो दोनदा वाचला, "बुडीत".

जिभाऊने मोबाईल काढून व्याज लावायला सुरुवात केली, सरळ की चक्रवाढ यावर आप्पांशी त्याचा वाद झाला.

माडी मागच्या पावसाळ्यातच पाडली. पत्रांचे स्कॅन दोन हार्ड डिस्कवर आहेत, एक माझ्याकडे, एक भाचीकडे. मूळ पत्रं द्यायची का घरी ठेवायची यावर अजून एकमत नाही, द्यायची तर सगळ्या वारसांच्या सह्या लागतील आणि आम्ही चौदा जण आहोत, त्यातले दोघे एकमेकांशी बोलत नाहीत. दिल्लीच्या पत्राची कॉपी मी १९२३ च्या गठ्ठ्यात त्या छापील पोस्टकार्डाच्या मागे लावली, वेगळा कागद घालून, ही मूळ पेटीतली नाही असं लिहून. वहीला यादीत १६४ नंबर दिला. कोठीखाली सध्या वीट आहे.